नुसतं अनुमान

काठी विसरली नसती तर काही झालंच नसतं, असं भुजंगरावांना पुढं कितीतरी दिवस वाटत राहिलं. गळ्यात चंदनाचा हार, डोक्यावर जरीचा म्हैसुरी पेटा, अंगाला गुलाबपाण्याचा वास, अशा थाटात ते कॉलेजच्या पायऱ्या उतरून जटक्यापाशी, इथल्या टांग्यापाशी, आले, वर चढताना आधाराला म्हणून हात पुढं केला आणि हात रिकामाच निघाला. चांदीच्या मुठीची ती काठी रंगारी केरीतल्या लोकांनी तासाभरापूर्वीच सत्कारात दिली होती. आपल्या गल्लीतला, कापड रंगवणाऱ्याचा मुलगा कॉलेजचा प्रिन्सिपॉल झाला म्हणून सगळ्या केरीनं मिळून करवलेली. ती विसरून जाणं बरं दिसलं नसतं. जटकेवाल्याला थांब म्हणून ते परत वर चढले. व्हरांड्यात अंधारून आलं होतं. प्रोफेसरांच्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं, आत दिवा, कपबशांची किणकिण. दाराला हात लावणार तोच आतून सुब्बरावांचा आवाज आला. हा आवाज भुजंगराव शंभर माणसांत ओळखतील, इतक्या वर्षांचा सहवास. चारचौघांत बोलायचं म्हणून सुब्बराव कानडीत बोलत होते. म्हणाले, "भुजंगरायरदु बरी अनुमान." त्यावर गुंडुराव, तो नवा पोरसवदा लेक्चरर, खो खो हसला. भुजंगराव जागच्या जागी थिजले. मग चवड्यांवर, स्वतःच्याच कॉलेजात चोरासारखे, मागं फिरले. काठी आतच राहिली.

आता पुण्यासाताऱ्याकडच्या माणसाला हे वाक्य सांगा. तो म्हणेल, बरं मग? भुजंगरावांचं नुसतं अनुमान, यात थिजण्यासारखं काय आहे? त्याच्या मराठीत अनुमान म्हणजे तर्क, अंदाज, धूर दिसला की आग असणार असं ताडणं. पण म्हैसुरात चार दिवस राहून बघा. इथल्या कानडीत अनुमान म्हणजे संशय, आणि पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेल्या केरीच्या मराठीनं तोच अर्थ उचललेला. केरीत दूध पातळ आलं की गवळ्याचं अनुमान येतं, सून माहेराहून उशिरा आली की सासूला अनुमान येतं. गंमत अशी की भुजंगराव शिकवत तर्कशास्त्र. वर्गात हाच शब्द उठता बसता त्यांच्या तोंडी, चांगला पुस्तकी अर्थानं. पण वर्गातला शब्द ते हातावरच्या खडूबरोबर वर्गातच झटकून येत. आणि माणसाला स्वतःबद्दल काही कानावर पडलं की ते घरच्या भाषेतच ऐकू येतं, त्याला कोण काय करणार? त्या व्हरांड्यात त्यांना ऐकू आलं ते इतकंच: भुजंगरावांचं सगळं संशयास्पदच आहे.

जटका दोड्डकेरेच्या कडेनं चालला होता. याच तळ्याच्या पायऱ्यांवर त्यांचे वडील रंगवलेली लुगडी धूत, आणि कडेचं पाणी निळं होऊन जाई. वडिलांचे हात कोपरापर्यंत निळे. बन्नूरच्या शाळेत मास्तर म्हणून पहिल्यांदा रुजू व्हायला निघताना भुजंगरावांनी कोळशानं आणि लिंबानं आपले हात घासून घासून लाल केले होते, कारण सुट्टीत वडिलांना कामात हातभार लावल्यामुळं नखांच्या कडांत नीळ राहिली होती. आज इतक्या वर्षांनी, जटक्यात बसल्या बसल्या, त्यांनी हात दिव्याकडं धरून नखं पाहिली. स्वच्छ होती. मग आपण काय पाहतोय हे लक्षात येऊन त्यांना स्वतःचाच राग आला. पण सुब्बरावांचा राग त्याहून मोठा होता. काय संशय? कसला संशय? विचारायची गरजच नव्हती. वरच्या जागा ब्राह्मणेतरांना द्याव्यात असा सरकारचा हुकूम निघाला होता, शहरात दुसरा विषय नव्हता, आणि त्याच दिवसांत सुब्बरावांना डावलून, सुब्बराव एक वर्षानं वरचे असताना, ही खुर्ची भुजंगरावांना मिळाली होती. अकलेनं मिळाली की जातीनं? खरं सांगायचं तर हा प्रश्न सुब्बरावांच्या आधी भुजंगरावांनीच स्वतःला विचारून ठेवला होता. नेमणुकीचा हुकूम हातात पडला त्या दिवसापासून तो पोटात खड्यासारखा बसला होता. म्हणून तर दारामागचे ते तीन शब्द इतके खोल लागले. स्वतःच्या मनातलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की कुणालाही तसंच होईल.

आणि दुसरा म्हणजे तरी कोण? सुब्बराव! बन्नूरला देवळामागच्या एका खोलीत दोघे नवे मास्तर मिळून राहिले होते. सुब्बराव सोवळ्याचे, आपली चूल वेगळी मांडत, ताक वरून ओतत, पण ओतत मात्र रोज न चुकता. "भुजंगा, तू इथं ऊसवाल्यांच्या पोरांना पाढे शिकवत सडू नकोस," असं त्यांनीच ढोसून ढोसून याला बी.ए.ला बसवलं. पुढं स्वतः म्हैसूरच्या हायस्कुलात गेले आणि वर्षभरात यालाही तिथं ओढलं. मद्रासला एम.ए.ला आधी ते गेले, मागोमाग हा. कॉलेजातही तसंच. प्रत्येक पायरीवर सुब्बराव एक पाऊल वर, आणि खाली धरलेला त्यांचा हात. ते म्हणत 'भुजंगा, तू', हे म्हणत 'सुब्बराव, तुम्ही', आणि इतक्या वर्षांत त्यात कुणाला वावगं वाटलं नव्हतं. आज मात्र भुजंगरावांना ते 'तू' आठवलं आणि कडू लागलं. आणि मग ती बन्नूरची तापाची रात्र आठवली. हा हिवतापानं फणफणला असताना सुब्बरावांनी याचं डोकं मांडीवर घेऊन स्वतःच्या हातानं पेज पाजली होती. हे जन्मभर विसरायचं नाही असं भुजंगरावांनी तेव्हाच ठरवलं, आणि विसरलेही नाहीत. पण पहाटे डोळे किलकिले केले तेव्हा सुब्बराव विहिरीवर डोक्यावरून घागरी घेत होते, तेही विसरले नव्हते. ती अंघोळ शिवाशिवीची होती, की पहाट झाली म्हणून रोजचीच? एवढी वर्षं त्यांनी हा प्रश्न गाठोड्यात बांधून ठेवला होता. जटका केरीच्या तोंडाशी येईपर्यंत गाठोडं सुटलं आणि उत्तरही मिळालं. शिवाशिवीचीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते देवपूजा आटोपून बाहेर आले तर काठी ओसरीच्या कोपऱ्यात उभी. रुक्मिणीबाई, त्यांच्या पत्नी, केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी उघडत होत्या.

"सुब्बराव येऊन गेले. तुमची काठी देऊन गेले," त्या म्हणाल्या. "अंबाबाईंनी नवऱ्याबरोबर होळिगे पाठवल्यात. इतका दम लागतो त्या बाईला, तरी चुलीपुढं बसली बघा तुमच्यासाठी."

"काय म्हणाले?"

"काय म्हणणार? काठी विसरून गेलात म्हणाले, आणि हसले."

"हसले? कसे हसले?"

"अय्यो! हसण्यात काय तऱ्हा असतात होय? माणसं हसतात तसे हसले."

"मला हाक का नाही मारली?"

"पूजेत होता म्हणून. नोडी, हे बघा, तुम्हाला ना अनुमानाची खोडच आहे." रुक्मिणीबाईंनी होळिगेवर तूप वाढलं. "सारात मीठ कमी पडलं तरी तुम्हाला त्यात कुणाचा तरी हात दिसतो. आता सुम्म बसा आणि गरम आहे तोवर खा."

गप्प बसून भुजंगरावांनी ती गोड पोळी खाल्ली, पण मन गप्प बसेना. काठी त्या खोलीत राहिली हे सुब्बरावांनी पाहिलं. म्हणजे ती न्यायला आपण परत आलो असू, असं त्यांच्या मनात आलंच असणार. तर्कशास्त्र तेही शिकवतात. मग दाराबाहेर आपण उभे होतो हे त्यांना कळलं असेल काय? कळलं म्हणून सकाळी सकाळी गोड घेऊन धावत आले? निर्मळ मनाचा माणूस शिपायाकरवी काठी पाठवून देतो, स्वतः कशाला येईल? आणि निर्मळ मनाचा माणूस स्वतःच येतो, शिपायाकरवी कशाला पाठवील, हेही तितकंच खरं होतं, पण ते भुजंगरावांच्या मनात आलं नाही. होळिगेत गूळ जरा कमी वाटला. मागच्या खेपेला असं नव्हतं. त्यांनी दुसरी घेतली नाही, आणि रुक्मिणीबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या.

त्यानंतरचे दिवस काय सांगावेत! प्रिन्सिपॉलच्या खोलीत उंच पाठीची खुर्ची होती, खिडकीतून चामुंडीचा डोंगर दिसायचा, टेबलावरची घंटी वाजवली की शिपाई धावत यायचा. ज्या माणसानं बन्नूरला शाळेची घंटाही स्वतःच्या हातानं बडवली त्याला यात सुख वाटायला हवं होतं. सुख घ्यायला फुरसत कुठं होती? भुजंगराव पहारा करत होते. सुब्बराव आता शिपायासमोर त्यांना 'सर' म्हणायला लागले होते. का? खुर्चीचा मान म्हणून, की चिडवायला? व्हरांड्यात सुब्बराव आणि गुंडुराव बोलत उभे दिसले आणि हे जवळ जाताच बोलणं थांबलं. नमस्कार करायला थांबलं की लपवायला? केरीतले दामोदरराव, ज्यांनी काठीचा बेत केला ते, एका संध्याकाळी आले आणि आवाज खाली करून म्हणाले, "आता आपल्या माणसाच्या हातात आलंय. आपली पोरं आत घ्या, म्हणजे झालं." भुजंगरावांना त्यांचाही राग आला. म्हणजे हेही तेच म्हणतात! इकडून संशय, तिकडून हक्क, आणि मधल्या मधे रात्र रात्र दिवा जाळून मिळवलेल्या एम.ए.ला विचारतंय कोण? हे सगळं एकाच माणसाला सांगता आलं असतं. आजवर प्रत्येक दुखणं त्यालाच सांगितलं होतं. कुक्कराहळ्ळीच्या तळ्यावर फिरायला जायचं आणि सुब्बरावांना सांगून मोकळं व्हायचं, असा रिवाज होता. आता सांगायचं ते सुब्बरावांबद्दलच होतं. फिरायला जाणं भुजंगरावांनी कामाचं निमित्त सांगून बंद केलं. सुब्बराव एकदा म्हणाले, "तब्येतीला जपा," आणि 'जपा' म्हणाले, 'जप' नाही, हे भुजंगरावांनी मनात टिपून ठेवलं.

अशात युनिव्हर्सिटीच्या रजिस्ट्रारांनी बोलावलं. शिमोग्याला नवं इंटरमीजिएट कॉलेज निघत होतं, ते उभं करायला एक जुना, अनुभवी माणूस इथून पाठवायचा होता. शिमोगा म्हणजे मलनाड, आठ महिने ओल, कोंदट हवा, गाद्यांना बुरशी. धडधाकट माणसंही तिकडून खोकत येत. रजिस्ट्रार भला माणूस होता. म्हणाला, "नाव तुम्हीच सुचवा. तुमची माणसं तुम्हाला ठाऊक."

भुजंगराव खोलीत शिरताना कुठलंही नाव ठरवून आले नव्हते, हे देवाशपथ खरं. गुंडुरावाचं नाव जिभेवर आलं होतं, पण तो पोरगा. आणखी दोन नावं होती. मग समोरच्या खिडकीच्या काचेत त्यांना स्वतःचा पेटा दिसला आणि कानात ते हसणं वाजलं. "सुब्बराव," ते म्हणाले. "त्यांच्याइतका लायक माणूस दुसरा नाही." यात खोटं काहीच नव्हतं. तेवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण रजिस्ट्रारनं कागदावरून मान वर करून सहज विचारलं, "त्यांच्या घरी काही अडचण नाही ना?"

अंबाबाईंचा दमा सगळ्या कॉलेजला माहीत होता. थंडीत त्यांना बसून रात्र काढावी लागते, हे भुजंगरावांना जितकं ठाऊक होतं तितकं सख्ख्या भावालाही नसेल. बाळंतपणात रुक्मिणीबाईंची उशाशी बसून सेवा केली ती याच बाईनं.

"नाही," भुजंगराव म्हणाले. "काही अडचण नाही."

बाहेर आल्यावर छातीत हलकं वाटलं, हे सांगायला नको वाटतं, पण वाटलं. असू दे की, ते स्वतःला म्हणाले, बढतीच आहे, तिथं ते मुख्य होतील. इतकी वर्षं वरून हात देत आले, आता थोडा आपण दिला. असं म्हणून ते स्वतःशी हसलेही. रात्री जेवताना मात्र अंबाबाईंचा तो कानात राहणारा श्वास, दार करकरावं तसा, उगाच ऐकू येऊ लागला आणि त्यांनी ताट अर्धं सोडलं.

दोनच दिवसांनी सुब्बराव त्यांच्या खोलीत आले. शिपाई बाहेर होता, दार लोटलेलं होतं. भुजंगरावांनी टेबलाची कड धरली. आता विचारतील, माझं नाव कुणी दिलं? उत्तर तयार होतं. युनिव्हर्सिटीची मर्जी, माझ्या हातात काय आहे! पण सुब्बरावांनी विचारलंच नाही. समोर बसून उपरण्यानं चष्मा पुसत राहिले.

"शिमोग्याचं कळलं," ते म्हणाले. "जायचं. त्याचं काही नाही. तासांचं तेवढं सांगायला आलो होतो. पोरांचं नुकसान नको."

"कसले तास?"

"तुझ्या... तुमच्या सत्काराच्या दिवशी आम्ही बसून वाटणी केली होती. प्रिन्सिपॉलला शंभर कामं. त्याच्यावर पूर्वीइतके तास लादायचे नाहीत असं सगळ्यांचं ठरलं. प्रत्यक्ष मी घेणार होतो, बाकीचं गुंडुराव. म्हटलं, भुजंगरायरदु बरी अनुमान. तेवढंच ठेवायचं, ते तुमच्याइतकं कुणी शिकवत नाही." सुब्बराव जरासे हसले. "त्यावर तो गुंडुराव हसत सुटला. शब्दच तसला ना. आता मी नसणार. तेव्हा प्रत्यक्षही तुम्हालाच शिकवावं लागेल."

भुजंगरावांच्या कानांत सूं सूं व्हायला लागलं. प्रत्यक्ष म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं, अनुमान म्हणजे त्यावरून ताडलेलं. ज्ञानाच्या या दोन वाटा, वर्षाच्या पहिल्या दिवशी पोरांना सांगायचा पहिला धडा! नुसतं अनुमान. तासांची वाटणी. त्यांच्यावरचं ओझं कमी करायला मित्र बसले होते, आणि हे दाराबाहेर उभे राहून भलतंच ऐकत होते. हा धडा शिकवताना ते दर साली डोंगराकडं बोट दाखवून सांगत, सकाळी तिथं दिसतो तो प्रत्येक वेळी धूर नसतो, धुकं असतं. धुक्याला धूर समजलात की आग नसलेल्या ठिकाणी पाणी घेऊन धावाल. पोरं हसत. त्या उदाहरणाची त्यांना किती घमेंड होती! लाज अशी उसळली की उठावं आणि समोरच्या माणसाचे पाय धरावेत. आणि काय म्हणावं या माणसाला, त्याच क्षणी मनाच्या दुसऱ्या कोपऱ्यातून आलं: हे आत्ता का सांगतोय? मागून रचलेलं तर नाही? आपण ऐकलं हे याला कळलंय, म्हणूनच ही सारवासारव नसेल कशावरून? त्यांनी सुब्बरावांच्या तोंडाकडं निरखून पाहिलं. चष्म्याशिवायचे डोळे, थकलेले, थोडे लाल. त्यात काहीच दिसलं नाही.

"बरं," भुजंगराव म्हणाले.

सुब्बराव जाताच ते पेटा न घालता, काठी न घेता रजिस्ट्रारांकडं निघाले. प्रिन्सिपॉल बोडक्या डोक्यानं रस्त्यानं चाललाय हे पाहून दोन पोरं बाजूला झाली. रजिस्ट्रार म्हणाला, "नाव बदलता येईल की. अजून सहीला गेलेलं नाही. पण कारण सांगा. परवा तुम्हीच म्हणालात, त्यांच्याइतका लायक दुसरा नाही."

कारण होतं, चांगलं होतं, सगळ्या गावाला माहीत होतं. पण ते सांगायचं म्हणजे परवा तोंडावर खोटं बोललो हेही सांगावं लागणार. मग रजिस्ट्रार विचारणार, खोटं का बोललात? त्यामागचा हेतू काय? तर्काच्या वर्गात हेतू म्हणजे कारण, घरात हेतू म्हणजे मनातली गोष्ट. आयुष्यभर पोरांकडून हेतू वदवून घेणारा माणूस रजिस्ट्रारच्या गालिच्यावर उभा राहिला आणि त्याला ना हा हेतू सांगवेना ना तो. खुर्चीवर बसून महिना झाला नाही, आणि आताच नाव फिरवतो म्हणतील. बघा, म्हणतील, आम्हाला संशय होताच.

"नाही," भुजंगराव म्हणाले. "सुम्म, सहज विचारायला आलो होतो." परत येताना त्यांना आपलं तोंड कुणाला दाखवू नये असं वाटत होतं, पण वाटेत सगळे नमस्कार करत होते.

सुब्बराव शिमोग्याला निघाले त्या सकाळी भुजंगराव स्टेशनवर गेले. न जाणं शक्य नव्हतं. रुक्मिणीबाई आदल्या दिवशीच अंबाबाईंना भेटून, रडून आल्या होत्या. डब्यात ट्रंका, पितळी हंडे, गुंडाळलेल्या गाद्या, आणि खिडकीपाशी अंबाबाई, नाकाशी ओव्याची पुरचुंडी धरून. सुब्बराव हमालाशी बोलत होते. भुजंगरावांना पाहताच बाईच्या तोंडावर खरा आनंद आला.

"बरं झालं आलात. आता तुम्हीच सांगा यांना," त्या म्हणाल्या. मधे थांबून श्वास घेतला. "कुणीतरी मुद्दाम केलं म्हणून मनाला लावून घेतात. मी म्हणते, अनुमान घेऊ नका. भुजंगराव त्या खुर्चीवर असताना आपलं वाईट कोण करील? तुम्ही काय कमी खटपट केली असेल? नाही जमलं, नाही जमलं. मला ठाऊक आहे हो."

भुजंगरावांनी मान हलवली. कशासाठी हलवली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. काठीची चांदीची मूठ तळहातात घामानं निसटत होती. सुब्बराव गाडीत चढले, दार लावलं, खिडकीत येऊन बसले. शिट्टी झाली. गाडीनं हिसका दिला, आणि भुजंगराव खिडकीच्या बरोबरीनं चालायला लागले. आता नाही बोललो तर जन्मात बोलता येणार नाही, एवढं एकच कळत होतं.

"सुब्बराव, तुमच्या मनात माझ्याविषयी काही..."

सुब्बरावांनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. बाहेर झुकले, भुजंगरावांच्या हातावर हात ठेवला, बन्नूरला तापात कपाळावर ठेवला होता तसा, आणि कितीतरी दिवसांनी जुन्या नावानं हाक मारली. "अनुमान इल्ल, भुजंगा," ते म्हणाले. "अनुमानच नाही." मग गाडीनं वेग घेतला आणि हात सुटला.

घरी येईपर्यंत भुजंगराव ते तीन शब्द उलटे पालटे करून पाहत होते. इथल्या बोलीत त्याचे दोन अर्थ होतात, आणि दोन्ही रोजच्या वापरातले. माझ्या मनात तुझ्याविषयी संशय नाही, निश्चिंत राहा, हा एक. आणि एखादी गोष्ट पक्की कळलेली असली की माणसं म्हणतात तो दुसरा: शंकाच नको, त्यानंच केलं. पहिला धरावा तर हातावरचा तो हात आठवे. दुसरा धरावा तरी तोच हात आठवे. सगळं जाणूनही कुणी असा हात ठेवतं काय? सुब्बराव ठेवतील. काही न जाणताही ठेवतील. वर्षानुवर्षं ज्यानं ताक ओतलं त्या माणसाची ही एक गोष्ट त्यांना आता कळत होती, आणि आता तिचा काही उपयोग नव्हता.

रुक्मिणीबाईंनी पान मांडलं होतं. सार वाढता वाढता त्यांनी विचारलं, "निघताना काय म्हणाले?"

"अनुमान नाही म्हणाले."

रुक्मिणीबाईंचा हात थांबला. पळी तशीच धरून त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं.

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या.

काय वाटलं होतं, हे विचारायला भुजंगरावांनी तोंड उघडलं. मग त्यांनी भाताचा घास घेतला.